एकशे सत्तावीस वेळा दुप्पट, वजा एक

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

ही एकच संख्या आहे. डोळ्यांना दम खाता यावा म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडलेत. एकूण अंक ३९. एकापासून सुरुवात करून १२७ वेळा दुप्पट करत गेलं आणि शेवटी एक वजा केला की ही हाती येते: २^१२७ − १. अंकांची बेरीज १५४, म्हणजे नवाचा ताळा १. दुसरीकडून पाहिलं, तर २ च्या घातांना नवाने भागल्यावर बाक्या सहा-सहाच्या फेऱ्यांत येतात आणि १२७ ला सहाने भागून १ उरतो. म्हणजे २ − १ = १. ताळा जमला. अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती मात्र ताळ्याला कळत नाही.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी जाहीर केलं की ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी निःशेष भागत नाही. पुढची ७५ वर्षं माहीत असलेल्या मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी होती. यंत्राला हात न लावता, निव्वळ कागदावरच्या हिशोबाने सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं. प्रकरण असं आहे, की हे त्या माणसाला कळलं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण त्याच्यावर विश्वास का ठेवायचा.

शाळेत शिकवलेली रीत इथे कुठवर नेते ते आधी बघू. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं; कशानेच भाग गेला नाही तर संख्या मूळ. आपल्या संख्येचं वर्गमूळ साधारण १३ वर १८ शून्यं इतकं आहे. अर्थात सगळ्याच संख्या तपासाव्या लागत नाहीत. सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञांना कळलं होतं की २^१२७ − १ ला भागणारी कुठलीही मूळ संख्या २५४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असली पाहिजे. ऑयलरांच्या काळापर्यंत आणखी एक चाळणी हाती आली: आठाने भागल्यावर तिची बाकी १ किंवा ७ च हवी. या दोन्ही चाळण्यांतून गाळून ऑयलरांनी १७७२ मध्ये २^३१ − १ मूळ असल्याचं दाखवलं होतं. तिथे उरलेल्या उमेदवार संख्या काहीशेच होत्या. इथे मात्र अडीच वर सोळा शून्यांहून जास्त उरतात. सेकंदाला एक भागाकार, झोप न घेता, या वेगाने ऐंशी कोटी वर्षं लागतील.

ल्युकांनी जे केलं त्यात वर्ग करायचे होते फक्त १२५.

१२७ हा घातांक त्यांनी स्वतः शोधला नव्हता. १६४४ मध्ये मारँ मेर्सेन या धर्मगुरूंनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ठोकून दिलं होतं की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते. सिद्धता काहीच दिली नव्हती. यादी पुढे पाच ठिकाणी चुकीची निघाली: ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादीतल्या मोठ्या घातांकांकडे नीट पाहिलं तर वाटतं की ते २ च्या घातांच्या आसपासचे म्हणून उचललेत: ३२ वजा १, ६४ अधिक ३, १२८ वजा १, २५६ अधिक १. माझा आपला तर्क. पण १२७ बाबत ते बरोबर निघाले, आणि त्याचं श्रेय मी नशिबाला देतो.

ल्युका भागाकाराच्या वाटेला गेलेच नाहीत. एखादी संख्या मूळ आहे का, हे तिच्या शेजारणीला विचारता येतं. आपल्या संख्येत एक मिळवला की २^१२७ मिळतो, आणि त्याचे अवयव पाडायला कष्टच नाहीत. सगळे दोनच आहेत. शेजारीण अशी आरपार दिसत असेल तर संख्येच्या मूळपणाची साक्ष तिच्याकडून काढता येते.

चाचणी सांगायला अगदी छोटी आहे. ३ पासून सुरू करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीचं पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. (३ ची सुरुवात चालते ती ज्या घातांकाला चाराने भागून ३ उरतात अशा मूळ घातांकांसाठी. १२७ त्यांतलाच. लेमर या गणितज्ञांनी १९३० च्या सुमारास ४ पासूनची आवृत्ती पक्की केली. ती सगळ्या विषम मूळ घातांकांना चालते.)

हे मी लहान भावंडावर, म्हणजे २^७ − १ = १२७ वर, कागद-पेन्सिलीने करून पाहिलं. घातांक ७, म्हणजे पाच पायऱ्या. ३ चा वर्ग ९, वजा २, सात. ७ चा वर्ग ४९, वजा २, सत्तेचाळीस. इथपर्यंत भागायची गरजच पडत नाही. ४७ × ४७ करताना माझा एक हातचा जास्त धरला गेला आणि २२०९ ऐवजी मी २२१९ लिहिलं. दोन वजा, १२७ ने भागून बाकी ५८. पुढे ५८ चा वर्ग ३३६४, वजा २, बाकी ६०. मग ६० चा वर्ग ३६००, वजा २, बाकी ४२. पाच पायऱ्या संपल्या आणि शून्य काही आलं नाही. थोडक्यात, १२७ ही संयुक्त संख्या असल्याचा शोध मी लावला होता.

चूक सापडायला वेळ लागला नाही. बरोबर हिशोब असा: ४७ चा वर्ग २२०९, वजा २, बाकी ४८. ४८ चा वर्ग २३०४, वजा २, बाकी १६. १६ चा वर्ग २५६, वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य.

तो चुकलेला कागद मी टाकला नाही. त्याच्याकडे परत येऊच.

आधी संयुक्त संख्येचं काय होतं ते. २^११ − १ = २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. हीच चाचणी लावली तर ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१ आणि मग पुन्हा १६०! गाडी गोल फिरायला लागते आणि शून्याचं स्टेशन तिच्या वाटेवर येतच नाही. २३ किंवा ८९ यांचं नावही न घेता चाचणीने निकाल दिला.

शून्य आल्याने नेमकं काय सिद्ध होतं? हा भाग नुसता उल्लेख करून सोडवत नाही. सुवर्ण गुणोत्तर घ्या, म्हणजे १ अधिक ५ चं वर्गमूळ, भागिले २. त्याला फाय म्हणू. फायचा वर्ग अधिक त्या वर्गाचा व्यस्त, यांची बेरीज बरोबर ३ येते. आपली सुरुवात तीच. एखादी राशी आणि तिचा व्यस्त यांच्या बेरजेचा वर्ग करून दोन वजा केले की त्या राशीचा वर्ग आणि त्या वर्गाचा व्यस्त यांची बेरीज उरते. ते वजा दोन एवढ्यासाठीच. म्हणजे प्रत्येक पायरीला आपण गुपचूप फायचा घातांक दुप्पट करत असतो: फायचा २ रा घात, ४ था, ८ वा, १६ वा. (१, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही मागच्या दोन पदांची बेरीज करत जाणारी क्रमिका ल्युकांच्याच नावाने ओळखली जाते. आपले ३, ७, ४७ ही तिचीच दुसरी, चौथी, आठवी पदं.)

आता समजा शेवटी शून्य आलं, आणि समजा आपल्या संख्येला 'क' नावाची एखादी मूळ संख्या भागते. मग क ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगातही ते शून्यच. राशी अधिक तिचा व्यस्त शून्य, म्हणजे राशीचा वर्ग उणे एक, आणि त्याचा पुन्हा वर्ग केला की एक. त्या जगात फायला स्वतःनेच गुणत राहिलं तर केव्हातरी तो एकावर परत येतो. ही त्याची फेरी. शून्य सांगतं की फेरीची लांबी नेमकी २^१२८ आहे. पण क च्या अंगणात जागा मर्यादित: तिथे फायची फेरी २ × (क + १) पेक्षा लांब असूच शकत नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की क निदान २^१२७ − १ एवढा तरी हवा. म्हणजे क ही ती संख्या स्वतःच. लहान भाजकाला जागाच उरली नाही.

मला या सिद्धतेत आवडतं ते हे, की भाजक शोधून सापडला नाही असं ती म्हणत नाही. तो असता तर हे शून्य त्याच्या अंगणात मावलं नसतं, असं म्हणते.

आता कष्टांचा भाग. १२५ वर्ग म्हटले तरी ३९ अंकी संख्यांचे, आणि प्रत्येक वेळी ३९ अंकी संख्येने भागाकार. पण २^१२७ − १ ने भागणं हे द्विमान पद्धतीत, म्हणजे संख्या फक्त ० आणि १ ने लिहिली की, भागणंच नसतं. २^१२७ ची बाकी १, म्हणून १२७ घरांच्या डावीकडे जे सांडेल ते उचलून उजवीकडून पुन्हा मोजायचं, बस. लहान पटावर पाहा. सात घरं: ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ४८ म्हणजे ३२ अधिक १६. वर्ग केला की १०२४, दोनदा ५१२ आणि २५६. १०२४ हा २ चा १० वा घात. सात घरं वजा केली की ३ रा घात, म्हणजे ८. ५१२ चे तसेच ४, दोनदा म्हणून ८. २५६ चे २. बेरीज १८, वजा २, सोळा. वर जो भागाकार करून आला तोच सोळा, भागाकार न करता.

ल्युकांनी याची रीत बुद्धिबळासारख्या पटावर बसवून दाखवली. पट १२७ × १२७ चौकोनांचा, एकाच्या घरी सोंगटी, शून्याचं घर रिकामं. ओळ मांडायची, पुढची ओळ एक घर सरकवून मांडायची, टोकाला सांडलेली सोंगटी दुसऱ्या टोकाला आणायची, मग उभ्या रांगांतल्या सोंगट्या दोनाला एक या भावाने डावीकडे सरकवत बेरीज उतरवायची. एका वर्गाला १६,१२९ चौकोन. १२५ वर्गांना वीस लाखांहून थोडे जास्त. सरासरीने चौथा हिस्सा भरलेला धरला तरी पाच लाख सोंगट्या मांडायच्या आणि उचलायच्या. हॅनॉयचा मनोरा हे कोडंही याच गृहस्थांचं, १८८३ चं. त्यात १२७ चकत्या असत्या तर कमीत कमी चाली लागल्या असत्या बरोबर २^१२७ − १.

पाच लाख सोंगट्यांत एकही चुकली नाही, असं कोण म्हणेल? मी तर तिसऱ्या वर्गालाच हातचा चुकलो.

म्हणून तो कागद. ५८, ६०, ४२ वर मी थांबलो होतो. सहज म्हणून पुढे चालवून पाहिलं. ४२ चा वर्ग १७६४, वजा २, बाकी १११. १११ चा वर्ग १२,३२१, वजा २, १२,३१९. आणि १२,३१९ म्हणजे १२७ × ९७. बाकी शून्य.

चुकलेल्या वाटेने, दोन पायऱ्या उशिरा, पण शून्यच. पहिल्यांदा वाटलं, चाचणीवरचा विश्वासच उडाला. मग वरची सिद्धता पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की ती ३ पासून सुरू करण्यावर फारशी अवलंबून नाहीच. कुठल्याही राशीपासून निघा; शेवटच्या काही पायऱ्या बिनचूक असतील आणि शून्य आलं, तर त्या राशीची फेरी लांब आहे एवढं तरी पक्कं. ५८ नंतर चार पायऱ्या बरोबर झाल्या, म्हणून फेरी ६४ ची, म्हणून १२७ चा कुठलाही मूळ भाजक निदान ६३. पण १२७ संयुक्त असती तर तिला ११ किंवा त्याहून लहान भाजक असता. तेव्हा १२७ मूळ आहे, आणि हे माझ्या चुकलेल्या कागदानेही सिद्ध केलं.

हेच २^१२७ − १ ला लावलं तर निघतं ते असं: १२५ पैकी शेवटचे ६२ वर्ग बरोबर असले की पुरे. त्याआधी कितीही हातचे चुकलेले असोत, शेवटी शून्य आलं तर संख्या मूळच. चूक त्या शेवटच्या ६२ मध्ये झाली असेल तर? तेव्हा चुकून नेमक्या शून्यावर येऊन पडणं जवळपास अशक्य. लहान पटावरच पाहा: शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या असताना शून्यावर नेणाऱ्या बाक्या १२७ पैकी चारच आहेत, ४२, ४८, ७९ आणि ८५. मोठ्या पटावर हे प्रमाण किती नगण्य होईल, ते लिहायला शून्यांची रांग लावावी लागेल.

तेव्हा ल्युकांवर विश्वास ठेवायला त्यांच्या अचूकपणाची हमी लागत नाही. त्यांना शून्य आलं होतं, आणि असं शून्य आपली राखण आपणच करतं.

उलट बाजू तेवढीच लंगडी. शून्य आलं नाही तर संख्या संयुक्त आहे, किंवा हातचा चुकलाय, आणि कागदाकडे बघून यांतलं कुठलं ते कळत नाही. त्याच सुमारास ल्युकांनी मेर्सेनच्या यादीतला ६७ खोटा ठरवला. २^६७ − १ संयुक्त आहे म्हणाले, अवयव मात्र देऊ शकले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३,८२,५७,२८७. गुणाकार करून पाहा, संशय संपला. मोठ्या मेर्सेन संख्या (२ चा घात वजा एक, अशा मूळ संख्या) शोधणाऱ्या जिम्प्स या संगणकी प्रकल्पात शून्येतर बाकी दुसऱ्या यंत्रावर पडताळण्याची प्रथा बरीच वर्षं होती, ती यामुळेच. त्या प्रकल्पाला २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ ला चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत, आणि तिच्या पडताळणीतही ल्युकांची चाचणी होतीच. आपली ३९ अंकी संख्या मात्र साध्या लॅपटॉपवर पापणी लवायच्या आत उरकते.

तिचा विक्रम १९५१ मध्ये मोडला. फेरिए यांनी यांत्रिक गणकयंत्रावर ४४ अंकी संख्या काढली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी. ही दुसरी कशी बनली होती ते पाहण्यासारखं आहे: २^१२७ − १ चा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. विक्रम मोडणारीच्या पोटात जुनी विक्रमवीर. आणि इथेही शेजारीणच कामाला आली, फक्त या वेळी डावीकडची. एक वजा केला की तिचे अवयव समोर दिसतात.

बाकीचे गुण भराभर. २^१२६ ने गुणलं की ७७ अंकी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज तिच्याएवढीच) मिळते, क्रमाने बारावी. हिला जोडमूळ सोबती, म्हणजे दोनाच्या अंतरावरची दुसरी मूळ संख्या, नाही: दोन वजा केले तर शेवटी ५ येतात, दोन मिळवले तर ३ ने भाग जातो. पण तो भाग घालून उरणारी (२^१२७ + १) ÷ ३ हीसुद्धा मूळ आहे. संगणकात चिन्हासह १२८ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉस्टेलो आणि लॉन्गा यांनी गुप्तलेखनासाठी फोरक्यू ही वक्ररेषा मांडली, तिचा हिशोब याच संख्येच्या बाक्यांवर चालतो. कारण सोंगट्यांच्या पटावर होतं तेच: भागाकार नाही, नुसतं सांडलेलं उचलून मिळवणं.

आणि एक साखळी. २^२ − १ = ३. २^३ − १ = ७. २^७ − १ = १२७. पुढची कडी आपली. चारही मूळ. १८७६ मध्येच कातालां या गणितज्ञांनी विचारलं की ही साखळी पुढे अशीच चालते का. पाचव्या कडीसाठी आपली संख्याच घातांक होते, आणि त्या कडीत पाच वर ३७ शून्यांहून जास्त अंक असतील. ती लिहून काढायला जगात कागद नाही. तिचा एकही भाजक आजवर सापडलेला नाही, आणि असलाच तर तो आपल्या संख्येच्या दुपटीहून मोठाच असणार. चाचणी तयार आहे. घातांकाला चाराने भागून तीनच उरतात, तेव्हा सुरुवातही ३ पासून करता येईल. पायऱ्या फक्त १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२५.